पिल्लं कुणाची? १८३२ च्या मुंबईपासून आपल्या गल्लीपर्यंत

मंडळी, भटक्या कुत्र्यांवरून भांडणं ही काही फेसबुकच्या काळातली गोष्ट नाही. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी याच कारणावरून मुंबई बंद पडली होती. दुकानांना कुलपं, बाजार ओस आणि कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद रस्त्यात अडवलेली.

आत्ता हे काढायचं कारण म्हणजे थंडी पडायला लागलीय आणि गावात जिकडेतिकडे कुत्र्या व्यायल्यात. बसस्टँडच्या मागे, शाळेच्या कंपाउंडला लागून, अर्धवट बांधकामांच्या वाळूत. वॉर्डाच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडलेत. एक म्हणतो, पालिकेनं सगळी उचलून न्यावीत. दुसरा पिल्लांचे फोटो टाकतो आणि खाली लिहितो, "कुणीतरी घेऊन जा." सगळी चर्चा त्या 'कुणीतरी'पाशी येऊन थांबते. हा 'कुणीतरी' म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याची काही उत्तरंही जुनी आहेत. ती आज सांगतो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात १८३२ पासून. मुंबईत कंपनी सरकारचं राज्य होतं. उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत बेवारस कुत्री मारायची मुभा शिपायांना आधीपासूनच होती. त्या वर्षी मुदत वाढवली गेली. एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. त्या काळचे आठ आणे म्हणजे चांगलीच कमाई. मग व्हायचं तेच झालं. मोकाट कुत्रं आणि दाराशी बसलेलं पाळीव कुत्रं यातला फरक शिपायांना दिसेनासा झाला, अशी लोकांची ओरड सुरू झाली.

६ जूनला, पारशांच्या एका पवित्र दिवशी, कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमाव चालून गेला. ७ जूनला बंद. पारशांच्या जोडीला हिंदू आणि जैन व्यापारीही उतरले. शेवटी सैन्य बोलवावं लागलं, धरपकड झाली, खटले चालले. इंग्रजांच्या मुंबईतला हा पहिल्या मोठ्या दंग्यांपैकी एक, आणि त्याचं निमित्त काय, तर रस्त्यावरचं कुत्रं!

पारशी एवढे का पेटले? कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याचं स्थान मोठं. मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा 'सगदीद' हा त्यांचा विधी. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्यांच्या 'वेंदिदाद' या प्राचीन ग्रंथातली एक तरतूद. तिथे प्रश्न असा येतो: गाभण कुत्री रस्त्यावर पडली असेल, तर तिला सांभाळायचं कुणी? उत्तर सरळ आहे. ज्याचं घर सर्वात जवळ, त्यानं. त्यानं सांभाळलं नाही आणि पिल्लं दगावली, तर त्याला जबर शिक्षा. आणि सांभाळायचं कुठवर? पिल्लं चौदा घरांभोवती धावू लागेपर्यंत. पुढे मुदतही दिली आहे. कुत्र्याच्या पिल्लाला सहा महिने, माणसाच्या लेकराला सात वर्षं.

हे सहा महिने लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहेत.

हे काही फक्त पारशांचं नाही. आपल्याकडे दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाच्या स्वारीत कुत्रं, आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत कुत्री व्यायली की पोरं घरोघर फिरून पीठ, गूळ, तेल जमवायची आणि कुणातरी काकूंकडून बाळंतिणीसाठी शिरा करून घ्यायची. जुन्या गोणपाटाचं अंथरूण आणि वर पत्र्याचा तुकडा. त्याला कुणी 'प्राणिसेवा' म्हणत नव्हतं. ती सर्वात जवळच्या घराची गोष्ट होती.

आता परत मुंबईत. दंगा मिटला तरी प्रश्न राहिलाच. कुत्री मारायची नाहीत, तर ठेवायची कुठे? यातून १८३४ मध्ये मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. पुढे यायला जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद ही त्या काळातली बडी व्यापारी मंडळी. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वखुशीनं लागा बसवला. म्हणजे वर्षाकाठी एकदा हार-तुरे घालून दिलेली देणगी नव्हे, उलाढालीतून नियमानं निघणारा पैसा. आज पांजरपोळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गाईच येतात. पण मुंबईचा पांजरपोळ मुळात सरकारी गोळीपासून वाचवायच्या भटक्या कुत्र्या-डुकरांसाठी निघालेला. गाई मागून आल्या. आपल्या आसपासच्या गोशाळा-पांजरपोळांत जाऊन बघा, कुत्र्याच्या पिल्लाला जागा आहे का. बहुतेक ठिकाणी 'नाही' हेच उत्तर मिळेल.

नंतर १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था निघाली. १८८३ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावानं प्राण्यांचं रुग्णालय उभं राहिलं, ते आजही चालू आहे. १८८६ मध्ये त्याच परिसरात पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. बघा हं, दंगा १८३२ चा आणि दवाखाना १८८३ चा. भांडण दोन दिवसांत पेटतं, सोय व्हायला पन्नास वर्षं लागतात.

पण गोष्टीची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. सरकारला कुत्री मारावीशी वाटत होती त्यामागे भीती होती, आणि ती खोटी नव्हती. पिसाळलेलं कुत्रं चावलं की माणूस गेलाच, अशी तेव्हाची परिस्थिती. लुई पाश्चरनं जुलै १८८५ मध्ये पहिल्यांदा एका मुलाला रेबीजची लस टोचली. भारतात कसौलीला १९०० मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली. तिथेच डेव्हिड सेम्पल यांनी १९११ च्या सुमारास मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली, आणि हीच लस पुढे जवळजवळ शंभर वर्षं आपल्या वाट्याला आली. 'पोटात चौदा इंजेक्शनं' ही जी धास्ती आपल्या पिढीनं लहानपणी घेतली, ती या लसीची. २००५ च्या सुमारास ती आपल्याकडे बंद झाली. आता दंडावर मोजकी इंजेक्शनं घेतली की भागतं. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला ५९ हजार माणसं रेबीजनं जातात आणि त्यातली एक तृतीयांशाहून जास्त भारतातली. त्यात लहान मुलं खूप. ज्याच्या लेकराचा लचका तोडला गेलाय, त्याला भूतदयेवर व्याख्यान देऊ नये.

म्हणजे भीती खरी. चुकला तो उपाय. विसाव्या शतकात बहुतेक शहरांत पालिकांचा एकच कार्यक्रम होता: धरा आणि मारा. कुठे विष, कुठे विजेचा धक्का, कुठे काठ्या. १९६० मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणारा कायदा आला. त्यासाठी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक मांडून पाठपुरावा केला होता. पण त्या कायद्यातही बेवारस कुत्री मारण्याला सूट होतीच.

एवढी मारून कुत्री कमी झाली का? नाही झाली. चेन्नईच्या 'ब्लू क्रॉस' संस्थेनं १९६४ मध्येच सांगितलं होतं की मारून उपयोग नाही, नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचललं तिथेच सोडा. हे पालिकांच्या गळी उतरायला नव्वदचं दशक उजाडलं. मुंबई महापालिकेनं १९९४ मध्ये मारणं थांबवून नसबंदीचा रस्ता धरला. २००१ मध्ये केंद्र सरकारनं नसबंदीचे नियम केले, २०२३ मध्ये ते नव्यानं आले. आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात काय झालं ते आपण टीव्हीवर पाहिलंच. ११ ऑगस्टला दिल्लीतली सगळी कुत्री निवाऱ्यात हलवायचा आदेश. २२ ऑगस्टला त्यात बदल, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची नसबंदी-लसीकरण करून जागेवर परत. ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातली हटवायचा आदेश.

दोनशे वर्षांतली ही सगळी भांडणं, दंगे, कायदे आणि निकाल चाळल्यावर एक गोष्ट ठळक दिसते. वाद कायम मोठ्या कुत्र्याचा झाला. मारायचं की ठेवायचं, उचलायचं की सोडायचं. पिल्लाची चौकशी फार कमी वेळा झाली. आणि खरा हिशोब तर पिल्लांपाशीच ठरतो.

कसा ते सांगतो. कोलकात्याच्या 'आयसर' संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये सात ठिकाणी पाच वर्षं नोंदी ठेवल्या. २०१६ मध्ये त्या छापून आल्या. ९५ वेतांमधली ३६४ पिल्लं त्यांनी पाहिली. त्यातली वयात येईपर्यंत जगली फक्त १९ टक्के, म्हणजे जेमतेम सत्तर. मेलेल्यांपैकी ६३ टक्क्यांच्या मरणात माणसाचा हात होता.

आता या आकड्यांकडे दोन्ही तटांनी नीट बघावं. 'मारा' म्हणणाऱ्यांसाठी: पाचातली चार पिल्लं आधीच मरताहेत. यापेक्षा जास्त मारणारी कुठली पालिका आहे? तरीही कुत्री कमी होत नाहीत, कारण ९५ वेतांतून सत्तर उरली म्हणजे तीन-चार वेळा व्यायलेल्या एका कुत्रीमागे दोन-तीन नवी कुत्री तयार झाली. मरण कितीही वाढवा, वेत चालू आहे तोवर गणित तेच. आणि 'बिचारी पिल्लं' म्हणणाऱ्यांसाठी: नुसतं दूध-बिस्किट घालून पिल्लं जगवली आणि नसबंदी केली नाही, तर वर्षा-दीड वर्षात त्याच गल्लीत नवी पिल्लं गाडीखाली येणार. म्हणजे आपण एक मरण पुढे ढकलून चार नवी मरणं तयार केली.

आपल्या आज्यांना याचं पंचांग पाठ होतं. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे मराठीत सांगावं लागत नाही. कुत्रीचे दिवस साधारण ६३. भाद्रपदात लागलेली कुत्री कार्तिकात व्यायते. म्हणजे पिल्लं बरोबर थंडीच्या तोंडाशी उघड्यावर येतात. तिथून सहा महिने मोजा, वैशाख येतो. सहा महिन्यांच्या आसपास पिल्लाची नसबंदी करता येते. आणि वैशाख ते पुढचा भाद्रपद यात चारच महिने हातात असतात. ते चार महिने गेले की आजचं पिल्लू पुढच्या कार्तिकात स्वतः आई होऊन वाळूत पडलेलं दिसणार. वेंदिदादनं सांगितलेले सहा महिने नसबंदीच्या वयाशी असे जुळतात, हा योगायोगच, पण उपयोगाचा आहे.

या गणितात आपल्या गावांची एक खोड फार महाग पडते. पिल्लं थोडी मोठी झाली की शेतावर, वस्तीवर न्यायला लोक येतात. पण काय म्हणतात? "नर असेल तर द्या." नर निघून जातात, माद्या मागे उरतात. मग कुणीतरी त्या गोणीत भरतं आणि नदीपलीकडे किंवा बाजारच्या गावाच्या शिवेवर सोडून येतं. आपल्या शिवेवरही पलीकडची माणसं रात्री तेच करत असतात. म्हणजे रस्त्यावर नेमक्या व्यायणाऱ्याच शिल्लक ठेवायची व्यवस्था आपण स्वतःच केलीय. प्राणी उपासमारीनं हाल होतील अशा ठिकाणी विनाकारण सोडून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. फक्त दंड किती, तर पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. १९६० चा आकडा आजही तोच आहे. एवढ्यात हल्ली चहा-वडापाव होतो. त्यामुळे कायद्याच्या धाकावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

मग सर्वात जवळच्या घरानं या सहा महिन्यांत करायचं काय? आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आणि वर्षानुवर्षं हे काम करणारी माणसं सांगतात ते थोडक्यात लिहितो.

पिल्लं दिसली की लगेच उचलू नका. आई बहुतेक वेळा खायला शोधायला गेलेली असते. दोन-चार तास लांबून बघा. आई येत असेल तर पिल्लांना नाही, आईला खाऊ घाला. तिचं दूध टिकलं की अर्धं काम झालं. जागेवर वारा लागत असेल तर गोणपाट, पुठ्ठा, आडोसा करा.

आई खरोखरच गेली असेल तर आधी ऊब, मग दूध. गारठलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध ओतलं तर ते पचत नाही, उलट फुफ्फुसात जाण्याची भीती. डोळे न उघडलेल्या पिल्लाला गाईचं दूध सोसत नाही, हगवण लागते. त्यांच्यासाठी वेगळी दूध पावडर मिळते, डॉक्टरांना विचारून द्या. महिन्याचं झालं की मऊ भात, अंडं, थोडं दही चालतं. बिस्किटं नकोत.

जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांपासून सुरू होतं. दीड-दोन महिन्यांत पार्व्हो आणि इतर रोगांची लस, तीन महिन्यांत रेबीजची. पार्व्हो हा शब्द नीट ऐकून ठेवा. हा रोग १९७८ पर्यंत जगाला माहीत नव्हता, दोनेक वर्षांत तो सगळीकडे पसरला. रक्ताची हगवण आणि उलट्या लागून पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं. त्याचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. म्हणून जिथे असं पिल्लू मेलं, तिथे लस न दिलेलं दुसरं पिल्लू ठेवू नका. दहा ठिकाणची पिल्लं गोळा करून एका खोलीत कोंबणं ही दया वाटते, पण एकाला पार्व्हो निघाला तर सगळी जातात. एका गल्लीची पिल्लं त्याच गल्लीत सांभाळणं जास्त शहाणपणाचं. जवळच्या घराचा नियम इथेही बरोबर ठरतो.

आणि पोरांना सांगून ठेवा. पिल्लाचे दात लहान असले तरी रेबीज तोच असतो. पिल्लानं चावलं, ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. "पिल्लूच तर आहे," म्हणून दुर्लक्ष करू नका.

आता पालिकेचं. जवळच्या घरानं सहा महिने सांभाळलं, पण पुढे नसबंदीची सोयच नसेल तर ते घर हरतं. खासगीत एका मादीच्या शस्त्रक्रियेला जो खर्च येतो तो रोजंदारीवरच्या घराला झेपणारा नाही. तो पांजरपोळवाल्या व्यापाऱ्यांसारखा कुणीतरी नियमानं उचलावा लागतो, आणि आज ते काम नियमानुसार स्थानिक स्वराज्य संस्थेचं आहे. देखरेखीसाठी समिती नेमायचीही तरतूद आहे. म्हणून आपापल्या नगरसेवकाला तीन प्रश्न विचारा. आपल्या गावात ही समिती आहे का आणि तिची शेवटची बैठक कधी झाली? नसबंदीचा ठेका दिला असेल तर त्यात नर किती, माद्या किती? आणि हे काम वैशाख ते श्रावण या काळात होतं का, की मार्चअखेर निधी संपवायला घाईघाईनं? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते. आपल्या गावात किती टक्के झालं, हा चौथा प्रश्न. उत्तर मिळालं तर मला कळवा, मी बातमी करतो. उत्तर मिळालं नाही तरी कळवा, तीही बातमीच आहे.

१८३२ मध्ये मुंबईकरांनी कुत्र्यांसाठी बाजार बंद केला, हे मोठंच. पण माझ्या मते त्याहून मोठं काम त्यांनी दोन वर्षांनी केलं, जेव्हा भांडण संपल्यावर हिशोबाची वही काढली आणि कुणी किती द्यायचं ते ठरवलं. आपल्या गावात भांडण तर जोरात चालू आहे. वही अजून उघडायची आहे.

या आठवड्यात एवढंच करा. आपल्या दारापासून सर्वात जवळ व्यायलेली कुत्री कुठे आहे ते बघा. पिल्लं मोजा, त्यातल्या माद्या किती ते बघा, आणि घरातल्या कॅलेंडरवर वैशाखाच्या पानावर लिहून ठेवा.